लटारूच्या हातची पांढरी लाइन

गोटाकशाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लटारू भोयर परिचर आहे. दार उघडायचं, झाडायचं, लसींचा डबा उचलायचा, खुर्च्या मांडायच्या, डॉक्टर जागेवर नसले तर 'येतीलच' म्हणून सांगायचं, अशी त्याची बावीस वर्षांची नोकरी. मूळ गाव आरमोरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. दक्षिणेच्या जंगलात बदलीचा हुकूम निघाला तेव्हा तो बायकोला, चंदाला, म्हणाला होता, "दोन वर्षं काढू, मंग अर्ज देऊ." अर्ज त्यानं कधी दिला नाही. इथल्या लोकांना तो आवडला, आणि त्यालाही आपण आवडतो हे आवडलं.

आवडण्याचं कारण होतं चुना.

शाळेच्या खेळांचं मैदान असो, सव्वीस जानेवारी असो, की जिल्ह्याहून कोणी साहेब येणार असो, लाइन मारायला लटारूच लागे. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला तुपाचा जुना डबा, त्यात चुन्याची कोरडी भुकटी, आणि उलटं चालत डब्यावर चापट्या. दोरी नाही, खुंटी नाही. पन्नास पावलांची लाइन पहिल्या टोकापासून शेवटापर्यंत बोटभरही हलत नसे. दुसऱ्यांच्या लाइनी पाहून तो म्हणे, "हे लाइन नोहे, धामण गेली इथून." साहेब लोक गाडीतून उतरताना आधी लाइन पाहतात आणि मग काम, असं त्याचं मत होतं आणि बावीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं. एकदोघांनी लग्नाच्या मांडवापुढेही त्याच्याकडून लाइन मारून घेतली होती.

चुना मात्र कोरडाच. कालवलेला चुना भिंतींना आणि रस्त्याकडेच्या झाडांना, असा त्याचा हिशेब. ओला चुना मारताना मातकट दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो, आणि तोपर्यंत साहेब येऊन गेलेला असतो.

आरोग्य केंद्राच्या मागं, आश्रमशाळेच्या पलीकडं एक मोकळं मैदान आहे. पावसाळ्यात नाले चढले की गोटाकसा आणि आजूबाजूची अकरा गावं तुटतात. तेव्हा अडलेल्या रुग्णासाठी हेलिकॉप्टर उतरवता यावं म्हणून ते मैदान दाबून सपाट केलं, काठाला बांबूवर कापडाची एक नळी टांगली. वारा कुठून येतो ते वैमानिकाला तिच्यावरून कळतं. गावानं तिचं नाव 'पायजमा' ठेवलं. मग एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला साताऱ्याकडचे एक हवालदार आले होते. आरोग्य केंद्रातले सगळे बसले होते: डॉक्टर दिव्यानी वासेकर, सिस्टर, लटारू आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चैतू उसेंडी.

हवालदारांनी नियम सांगितले. पंखा फिरत असताना वैमानिकानं अंगठा दाखवल्याशिवाय कोणी हलायचं नाही. जायचं ते समोरून, वाकून. शेपटीकडं कोणीही, कधीही जायचं नाही. डोक्याला टोपी नको, गळ्यात दुपट्टा नको. उतरण्याआधी मैदान झाडायचं आणि पाणी मारायचं. जे जवळ जाणार त्यांच्या डोळ्यांवर गॉगल पाहिजेच.

"आणि मधली इंग्रजी एच चुन्यानं काढाल ती कालवलेल्या चुन्यानं," ते म्हणाले. "कोरडी भुकटी टाकली तर पंख्याचा वारा ती उचलतो. चुना म्हणजे माती नव्हे. तो डोळा जाळतो."

चैतूनं हात वर केला. "साहेब, खर्रा तोंडात असला तर चालते काय?"

"चालतं. फक्त थुंकू नका. वारा परत तुमच्याकडंच येतो."

सगळे हसले. चैतू सर्वांत जास्त हसला. तिशीतला गडी, आरोग्य केंद्राच्या गाडीवर कंत्राटी ड्रायव्हर. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा सकाळपासून त्याच्या गालात असायचा. रस्ता नसेल तिथून गाडी काढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. लटारूला तो 'भाऊ' म्हणे आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. चंदा आजारी पडली तेव्हा तिला त्यानंच चार तास गाडी हाकत जिल्ह्याला नेलं होतं.

प्रशिक्षणानंतर एक पेटी मिळाली: दोन झेंडे, एक शिट्टी, दोन गॉगल. लटारूनं एक गॉगल काढून घेतला. दुसरा प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत तसाच कपाटात ठेवला. तपासणीला कोणी आलं तर एक तरी वस्तू कोरी दिसली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका दुपारी ललिता पुंगाटी नावाच्या बाईला खाटेवर घालून आणलं. घरी बाळंत झाली होती, मूल ठीक होतं, पण रक्त थांबत नव्हतं. नाल्यावरचा पूल ऑगस्टातच वाहून गेला होता. दगड टाकून केलेल्या रपट्यावरून माणूस पायी जाई, गाडी जात नसे. डॉक्टर दिव्यानीनं जिल्ह्याला फोन लावला. उत्तर आलं, दीड तासात हेलिकॉप्टर येतं, मैदान तयार ठेवा.

मैदानावरची एच पावसात धुऊन गेली होती. लटारूनं काठाच्या हँडपंपावरून चार बादल्या पाणी आणून मैदानाच्या कडेनं मारलं. मग चुन्याचं पोतं उघडलं. कालवायला टाकी होती, ब्रश होता, वेळही होता. घड्याळात तेव्हा एक तास दहा मिनिटं बाकी होती. हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. पण मागच्या खेपेला एच कालवलेल्या चुन्यानं काढली होती, तेव्हा वैमानिकानं 'खूण नीट दिसली नाही' अशी तक्रार केली होती आणि त्याचा लेखी खुलासा लटारूला द्यावा लागला होता. इतक्या वर्षांत त्याच्या लाइनीवर पहिल्यांदाच कोणी बोट ठेवलं होतं. त्यानं तुपाचा डबा भरला आणि उलटं चालायला सुरुवात केली. एच झाली. मग तिच्याभोवती गोल. तोही हातानं, खुंटीशिवाय. चुना नेहमीपेक्षा दुप्पट जाड पडला. बाजूला उभ्या असलेल्या बाया म्हणाल्या, "भाऊ, कागदावर छापल्यावानी दिसते."

हेलिकॉप्टर वेळेवर आलं. लटारू गॉगल लावून झेंडा घेऊन समोर उभा राहिला. चैतूचं काम गाडीजवळ थांबायचं होतं, पण स्ट्रेचर उचलायला तीनच माणसं झाली, म्हणून तो डोक्याकडच्या बाजूला लागला. पंखा मैदानावर आला आणि एच जागेवरून उठली. लटारूला ते नीट दिसलं, कारण त्याच्या डोळ्यांवर काच होती. आधी मधली आडवी रेघ गेली, मग दोन उभ्या, मग गोल. पांढरा लोट माणसाच्या उंचीचा झाला आणि स्ट्रेचरच्या दिशेनं गेला. ललितावर डॉक्टरनं पांघरूण ओढलेलं होतं. मागच्या दोघांनी माना खाली घातल्या. चैतू पुढं होता. हेलिकॉप्टरची पायरी त्यालाच पाहायची होती, म्हणून त्यानं डोळे उघडे ठेवले.

त्यानं स्ट्रेचर सोडलं नाही. ललिता आत गेली, डॉक्टर दिव्यानी तिच्यासोबत बसली, हेलिकॉप्टर उडालं. ललिता वाचली. आज ती धडधाकट आहे.

चैतू हँडपंपावर ओणवा होऊन उजवा डोळा धूत होता. "काय माहीत काय गेलं, भाऊ. लय झोंबून राह्यलं." लटारू पंप हापसत राहिला. सिस्टरनं येऊन बाटलीभर पाणी घातलं, थेंब टाकले. तासाभरानं लटारूच्या मोबाइलवर जिल्ह्याहून डॉक्टर दिव्यानीचा फोन आला. आधी तिनं सांगितलं की रक्त चढवणं सुरू झालंय. मग विचारलं, "चैतूच्या डोळ्यात काही गेलं म्हणून सिस्टरचा मेसेज होता. लटारूभाऊ, चुना तर नाही ना? कोरडा होता का?"

"नाई मॅडम. चुना ओला होता. मातीच गेली."

"नक्की? चुना असेल तर पापणी उलटून कण काढावे लागतात, अर्धा तास धुवावं लागतं. मी नाल्यापलीकडे दुसरी गाडी बोलावते, आत्ताच. रपट्यावरून पायी नेऊ त्याला."

"मातीच हाय, मॅडम."

फोन एवढाच झाला. हे उत्तर आपण ठरवून दिलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं, असं लटारू सांगतो. पहिलं उत्तर निघून गेलं असेल. दुसऱ्या वेळी तिनं पुन्हा विचारलं होतं, आणि पलीकडे गाडी येऊ शकते हेही सांगितलं होतं. हा फरक त्यालाही माहीत आहे. म्हणून तो फोनची गोष्ट सांगताना एकच उत्तर सांगतो आणि थोडं थांबून दुसरं.

सिस्टरनं चैतूच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि कागदावर लिहिलं: माती गेली.

त्या संध्याकाळी चंदा त्याचा शर्ट धुवायला बसली. पाण्यात घातला तर पाणी दुधासारखं झालं, हात चुरचुरले. तिनं शर्ट पाण्याबाहेर काढून उजेडात धरला. मग म्हणाली, "मातीनं शर्ट असा होते काय?"

"होते."

"मले काऊन सांगता? मी काय मॅडम हाओ?" थोड्या वेळानं म्हणाली, "चैतूच्या घरी जाऊन या."

तो गेला. चैतूच्या बायकोनं, धुरपतानं, चहा दिला. चैतू भिंतीला टेकून बसला होता, पट्टीवर हात धरून. लटारूनं चहा संपवला, उद्या बरं वाटेल म्हणाला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा डोळ्याचं बुबुळ धुरकट काचेसारखं झालं होतं. जिल्ह्याला पोचायला तिसरा दिवस उजाडला. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, वरच्या पापणीखाली जे काही होतं ते दोन दिवस तिथंच जळत राहिलं. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल.

पुढचे पाच महिने लटारूनं रोज चैतूचा सामना केला. लपायला जागाही नव्हती, गाव दीडशे घरांचं. जानेवारीत तालुक्याच्या कार्यक्रमात 'आपत्कालीन प्रसंगी तत्पर सेवा' म्हणून त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. त्याच मैदानावरच्या लाइनी सकाळी त्यानंच मारल्या होत्या, आणि पत्र घ्यायला जाताना त्या ओलांडूनच जावं लागलं. चंदानं ते पत्र भिंतीवर लावलं नाही. ट्रंकेत ठेवलं, कपड्यांच्या खाली. मार्चमध्ये चैतूचं कंत्राट संपलं. नव्या कंत्राटाला डोळ्यांची तपासणी होती. तो तपासणीला गेलाच नाही. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, आता काय करशील बे? तर म्हणाला, "एका डोळ्यानं रस्ता अर्धा दिसते. खड्डे बी अर्धेच. सुखाची गोष्ट हाय." लोक हसले. लटारू तिथं चहा घेत होता. चैतू त्याच्याकडे वळून म्हणाला, "हास ना भाऊ, तुले काय झालं?"

भाऊ हा शब्द त्यानं एकदाही सोडला नाही. लटारूनं आधी याचा अर्थ असा काढला की चैतूला काही माहीत नाही. त्या आधारावर तो जेवू शकत होता.

एप्रिलमध्ये पुन्हा प्रशिक्षण झालं. तेच हवालदार आले. स्ट्रेचर उचलण्याचा सराव होता, चार माणसं लागत होती, म्हणून डॉक्टर दिव्यानीनं चैतूलाही बोलावलं. तो मागच्या बाकावर बसला. कोणीतरी डिवचलं, "तू कायले आला रे?" तो म्हणाला, "पुरीभाजी हाय म्हणते."

हवालदारांनी सुरुवातीला एक छापील कागद काढला. मैदानाची माहिती, उड्डाणं किती, अडचणी काय. हा कागद केंद्रातून आधीच भरून गेला होता. अक्षर लटारूचं होतं. "अपघात, निरंक," हवालदारांनी वाचलं आणि मान डोलावली. "छान. दोन वर्षांत एकही नाही. भोयर, तुम्हीच सांगा सगळ्यांना, कसं जमवलं."

लटारू उठला. उठताना त्याच्या मनात काय होतं ते त्याला नीट सांगता येत नाही. एवढं सांगतो की खोलीत मागं बाक होता आणि त्यावर चैतू बसला होता, पुरीभाजीची वाट पाहत. आणि हवालदारांच्या हातातल्या कागदावरचं 'निरंक' हे त्याच्या स्वतःच्या, सरळ, न हललेल्या अक्षरात होतं.

"अपघात झाला," तो म्हणाला. "चैतूचा डोळा गेला तो मातीनं नाई. चुना कोरडा होता. माह्या हातचा. मॅडमनं दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोललो."

डॉक्टर दिव्यानी त्याच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "मी गाडी पाठवणार होते." तिचा आवाज वाढला नाही. तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, जणू ते पहिल्यांदा तिलाच नीट ऐकू आलं नव्हतं. "मी गाडी पाठवणार होते, लटारूभाऊ."

लटारू मागं वळला. चैतू बाकावर तसाच बसला होता.

"मले मालूम होतं," चैतू म्हणाला. "डोळ्यात गेला तसा तोंडात बी गेला होता. वीस वर्षांपासून खर्रा खाऊन राह्यलो, मले चुना समजत नाई काय?"

"मंग बोलला काऊन नाई?"

"हँडपंपावर तू होता ना सोबत. मले वाटलं, तू मॅडमले सांगतलंच असशील. आपण कायले बोलाचं." त्यानं गालातला खर्रा दुसऱ्या बाजूला सरकवला. "दवाखान्यात कागद वाचला, त्याच्यावर माती लिवलं होतं. डॉक्टर म्हणे, मातीनं एवढं होत नाई. मी म्हटलं, कागदावर हाय तेच. भाऊ येऊन सांगन, आपल्या तोंडानं सांगन, म्हणून वाट पाहात होतो. पाच महिने पाहिली."

हवालदारांनी कागद लटारूपुढं सरकवला, पेन ठेवला. त्यानं 'निरंक' खोडलं आणि लिहिलं: एक. कारणाच्या रकान्यात लिहिलं: कोरडा चुना. अक्षर वाकडं आलं आणि त्यानं ते सुधारलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली, शिक्षा म्हणून आणखी आत बदलीची भाषा झाली पण बदली झाली नाही. नव्या कागदावर कारण बदललं, म्हणून चैतूची जखम कामावरची ठरली आणि त्याला आरोग्य केंद्रातच रोजंदारीवर पहारेकऱ्याचं काम मिळालं. गाडी पुन्हा मिळाली नाही. ती मिळणारही नव्हती. पापणीखालचा चुना त्याच दिवशी निघाला असता तर डोळा कितपत वाचला असता, हे डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं नाही. 'सांगता येत नाही' म्हणाले. लटारूला याचा दिलासा नाही. काहीच वाचला नसता, असं जर ते म्हणाले असते, तर त्याला बरं वाटलं असतं, आणि आपल्याला बरं वाटलं असतं याचीही त्याला लाज वाटते.

मैदानावर आता सिमेंटमध्ये बसवलेल्या फरशा आहेत, पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या. कपाटातली सीलबंद पिशवी लटारूनं त्याच आठवड्यात फोडली. साहेब येणार असले की शाळेतला शिपाई लाइनी मारतो, त्या धामण गेल्यासारख्या येतात, आणि लटारू काही बोलत नाही. तुपाचा डबा चंदानं राख काढायला चुलीजवळ घेतला आहे.

त्यानंतर तीन वेळा हेलिकॉप्टर उतरलं. शेवटचं गेल्या ऑगस्टात, साप चावलेल्या एका शेतकऱ्यासाठी. चार दिवस उघाड होती, मैदान वाळलं होतं. लटारूनं झाडलं, मग चाळीस बादल्या पाणी मारलं. तो बादल्या मोजतो. तो झेंडा घेऊन उभा राहायच्या आधी चैतू दोरीखालून आत आला. गर्दी दोरीबाहेर ठेवायचं काम त्याच्याकडे असतं. त्याच्या डोळ्यांवर दुसरा गॉगल होता.

"पाणी मारलं काय, भाऊ?"

"मारलं."

"चुना?"

"नाई. कुठीच नाई."

चैतूनं मान हलवली. मग तो खाली बसला, फरशीच्या कडेची चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि जिभेच्या टोकाला लावली. तिन्ही वेळा त्यानं हेच केलं होतं. फरशीच्या चारही बाजूंची माती त्यानं अशी चाखली, घाई न करता, आणि लटारू तोपर्यंत हातात झेंडा गुंडाळून त्याच्यासमोर उभा राहिला. आकाशात आवाज यायला लागला होता. चैतू उठला, थुंकला, तोंड पुसलं.

"मातीच हाय," तो म्हणाला आणि दोरीकडे गेला.